कपाटाला म्हातारपण बहाल करणाऱ्या कलावंतास

प्रिय इंटिरिअर डिझायनरसाहेब,



बंद पाकीट पाठवलं असतं. पण आपल्या स्टुडिओतल्या त्या पांढऱ्याशुभ्र टेबलावर पोस्टाचं खाकी पाकीट पडलं तर रंगसंगती बिघडायची, म्हणून उघडंच लिहिते आहे. फोन करून पाहिले. “सर साइटवर आहेत,” असं आपली सहायक मुलगी दरवेळी तितक्याच गोड आवाजात सांगते. असालही. 2025 च्या मे महिन्यात दहिसरपासून काशीगावपर्यंत मेट्रो नऊची चाचणी झाली आणि तेव्हापासून इथल्या वन बीएचकेवाल्यालाही आपला हॉल ‘प्रीमियम’ वाटू लागला आहे. प्रीमियम हॉल म्हटला की आपल्यासारखा माणूस लागणारच. आमच्या चिरंजीवांनाही लागला.

हॉलबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते. भिंती पांढऱ्या, छत पांढरं, टीव्हीखालचा खोका पांढरा. कपाटांना मुठी नाहीत, त्यामुळे कुठे ढकललं की काय उघडतं हे अजून घरातल्या कुणालाच नीट कळलेलं नाही. पाहुणे पाणी मागतात आणि आम्ही भिंती चाचपतो. पण मुलाला आवडलं, त्याचं घर, त्याचा हप्ता. चालेल.

तक्रार कपाटाची आहे. सासूबाईंच्या कपाटाची.

ते आपल्या वर्कशॉपमधून परत आलं तेव्हा टेम्पोवाल्यानं बिचाऱ्यानं आपुलकीनं विचारलं, “मावशी, सव्वीस जुलैचं आहे का?” त्याला वाटलं, 2005 च्या पुरातून वाचवलेलं असावं. चौघांनी मिळून ते लिफ्टमध्ये घातलं, बाहेर काढलं, हॉलमध्ये आपण आखून दिलेल्या जागी उभं केलं. सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या, दोन्ही बाजूंनी फिरून पाहिलं आणि मला म्हणाल्या, “अगं, हे कुणाचं आणलंत? आपलं पाठव म्हणावं.”

मी आपली बाजू मांडायचा प्रयत्न केला बरं का. म्हटलं, हे आपलंच आहे, फक्त जुनं दिसावं म्हणून त्याच्यावर काम केलंय. त्या म्हणाल्या, “जुनंच होतं की.”

आता हा मुद्दा आपल्यासारख्या जाणकाराला समजावण्याइतकी माझी पात्रता नाही. तरी ज्या वाचकांनी ते कपाट पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. साठ वर्षांहून जुनं, दोन दारांचं, सागाचं कपाट. सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी करवून घेतलं. कोकणातला सुतार आपली हत्यारं घेऊन गिरगावातल्या चाळीत आला आणि गॅलरीत बसून त्यानं ते उभं केलं. सांध्यांना खिळा नाही, लाकडात लाकूड बसवलेलं. एका दाराला आरसा, दोन्ही दारांना पितळी मुठी, वर साधी वेलबुट्टी. गिरगाव सुटलं, आम्ही काशीगावात आलो, तेव्हा ते टेम्पोत गादीवर आडवं झोपवून आणलं होतं आणि सासरे त्याच्या शेजारी बसून आले होते. घरातल्या बाकीच्या सामानाला हा मान मिळाला नव्हता, मलाही नाही.

या कपाटाची सेवा सासूबाईंनी कशी केली, तेही ऐका. रोज कोरडं फडकं. ओलं फडकं कामवालीच्या हातून त्याला कधी लागू दिलं नाही. दिवाळीआधी जवसाच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन सगळं पुसायचं, मुठी चिंचेनं घासायच्या. पावसाळ्यात आत डांबरगोळ्या, आणि दुपारी ऊन पडलं तर दारं उघडी. दर काही वर्षांनी पॉलिशवाला यायचा. स्पिरिटमध्ये भिजवलेला चपडा, कापसाची पुरचुंडी. एक हात फिरवायचा, वाळू द्यायचा, वरून काचकागदाचा हलका हात, परत पुरचुंडी. दोन दिवस घरभर स्पिरिटचा वास आणि आम्ही गॅलरीत. एवढं झाल्यावर लाकूड आतून दिवा लावल्यासारखं दिसायचं.

आणि मग आपण आलात. कपाटावर बोट फिरवलंत, मान तिरकी केलीत आणि निदान केलंत. ते मी विसरणार नाही. “आंटी, पीस छान आहे. पण याचं वय दिसत नाही.”

वय दिसू नये म्हणूनच तर साठ वर्षं एक बाई राबत होती, साहेब.

पण आपला व्यवसाय असा, की आपल्याला हे सांगून उपयोग नव्हता. मुलाला आपण समजावलंत, की पूर्ण मॉडर्न हॉलमध्ये एकच जुनी, झिजलेली, रंग उडालेली वस्तू ठेवली की सगळ्या खोलीला ‘कॅरेक्टर’ येतं. कॅरेक्टर घरातल्या माणसांना असतं तेवढं पुरत नव्हतं. मुलगा हो म्हणाला. मी गावाला गेले होते. सासूबाईंना विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण त्या कपाटाच्या मालकीण आहेत हे आपल्या मूड बोर्डवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

हायवेलगतच्या त्या शेडमध्ये मी नंतर जाऊन आले. आपण नव्हतात, साइटवर होतात. आपला कारागीर मात्र सज्जन निघाला. त्यानं सगळं क्रमवार सांगितलं, आणि मला ते इतकं आवडलं की मी चहा पिऊन उभ्या-उभ्या ऐकलं. आधी केमिकल लावून चपडा उतरवला. मग तपकिरी रंगाचा हात. तो वाळल्यावर कोपऱ्यांवर आणि कडांवर मेणबत्ती घासली, म्हणजे वरचा रंग तिथे धरत नाही. मग निळसर पांढरा चॉक पेंट. मग काचकागदानं कडा घासून खालचा रंग बाहेर काढला. मग सायकलची जुनी चेन घेऊन दारांवर मारली, खाचा पडाव्यात म्हणून. मग खिळ्यानं ठोकून बारीक भोकं पाडली, किडीनं खाल्ल्यासारखी दिसावीत म्हणून. शेवटी खाचांत काळं मेण भरलं. “सर म्हणाले, दोनशे वर्षं जुनं वाटलं पाहिजे,” तो म्हणाला. आणि मग आवाज उतरवून, “मॅडम, लाकूड फार चांगलं होतं. चेन उसळून परत यायची.”

किडीची भोकं! आमच्या सासूबाई दर पावसाळ्यात टॉर्च घेऊन कपाटाच्या पायांशी वाकायच्या. जमिनीवर भुकटी सांडली आहे का, कुठे बारीक भोक पडलंय का, हे पाहायला. एकदाही सापडलं नाही. ज्या शत्रूला त्यांनी उभ्या आयुष्यात घरात शिरू दिलं नाही, त्याच्या सह्या आपण फी घेऊन करून दिल्यात.

आता थोडं आपल्या कलेविषयी. मी काही आपल्या क्षेत्रातली नाही. पण एखादी वस्तू साठ वर्षं रोज पुसली की तिची झीज कुठे होते हे डोळ्यांना पाठ होतं. झीज मुठीभोवती होते, कारण तिथे हात लागतो. खालच्या कडेला होते, कारण तिथे झाडू आणि पाय लागतात. डाव्या दाराच्या आतल्या काठाला होते, कारण ते आधी उघडावं लागतं. आपण मात्र चारही कोपरे सारखेच झिजवलेत. अगदी मागचा वरचा कोपराही, जो भिंतीला टेकलेला असतो आणि साडेसहा फुटांवर आहे. तिथे साठ वर्षांत पाल सोडून कुणी गेलेलं नाही. एवढं जोरात घासणारी पाल आमच्याकडे नव्हती.

जी खरी झीज होती, तिचं काय केलंत? ती आत होती. डाव्या दाराच्या आतल्या अंगावर पेन्सिलीनं लिहिलेला दुधाचा हिशेब होता, आरेच्या केंद्रावरून काचेच्या बाटल्या आणायच्या त्या दिवसांतला. खाली कुणाच्या तरी तापाचे आकडे, तारखेसकट. उजव्या दाराला कधीकाळी चिकटवलेल्या देवीच्या चित्राचा कागद गेला होता, खळीचा चौकोन उरला होता. खालच्या फळीवर लोणच्याच्या बरण्यांची गोल वर्तुळं. हे सगळं आपल्याला ‘डर्टी’ वाटलं. आपण आतून सगळं घासून काढलंत आणि वर विलायती फुलांचा कागद लावून दिलात. म्हणजे खरं वय होतं ते पुसलंत आणि बाहेर खोटं काढलंत. एकाच बिलात.

आपण शिकलेले आहात, तेव्हा चंदीगडच्या खुर्च्या आपल्याला माहीत असतीलच. ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानेरे 1951 ते 1965 चंदीगडात राहिला. तिथल्या सरकारी कचेऱ्या, कोर्ट, कॉलेजं यांसाठी त्यानं आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी साग आणि वेत वापरून खुर्च्या-टेबलं बेतली. इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारखे पाय असलेली ती खुर्ची आता आपल्या सगळ्या नमुन्याच्या फ्लॅटांत दिसते. त्या काळी ती निव्वळ आधुनिक होती, कारकुनानं बसायची वस्तू. पुढे कचेऱ्यांना स्टील आणि रेक्झिन आवडू लागलं. मोडक्या खुर्च्या गच्च्यांवर ढीग लागून पडल्या आणि भंगाराच्या भावानं लिलावात गेल्या. युरोपातल्या दलालांनी त्या उचलल्या, वेत नवा विणला, पॉलिश केलं आणि मोठमोठ्या लिलावघरांत लाखांनी विकल्या. शेवटी 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली.

यातली गंमत आपल्या कामाची आहे. त्या खुर्च्यांच्या पाठीवर, पायांवर कचेरीचा नंबर रंगानं लिहिलेला असतो. कुठल्या तरी हेडक्लार्कच्या हुकमानं, कुणीतरी वाकड्यातिकड्या अक्षरांत. दलाल खुर्ची नव्यासारखी करतात, पण तो नंबर पुसत नाहीत. त्या नंबराचे पैसे येतात. खऱ्या वयाचा पुरावा तो. आमचा नंबर म्हणजे दुधाचा हिशेब, आणि तो आपण काचकागदानं घासलात. बाजाराच्या भाषेत सांगायचं तर आपलं नुकसान झालं. आमचं म्हणत नाही, आम्हाला विकायचं नव्हतं.

आणि रंग? रंग लावायची ही कल्पना आपल्याला कुठून आली, तेही मी शोधलं. आमच्यासारख्या रिकामटेकड्या बायकांना वेळ असतो. रंग उडालेलं, फिकट, फुलाफुलांचं हे फर्निचर मोठं झालं ते रेचल अॅशवेल यांच्या ‘शॅबी शिक’ नावाच्या दुकानातून. 1989, सँटा मोनिका, कॅलिफोर्निया. इंग्लंडमधल्या अॅनी स्लोन यांनी त्या चॉक पेंटचा डबा बाजारात आणला तो 1990 मध्ये. दोघींचंही कौतुकच आहे. पण तिकडचं गरिबाघरचं जुनं फर्निचर बहुतेक पाइनचं. पाइन मऊ, फिकट, जागोजागी गाठी. म्हणून ते रंगवायचेच. दर पिढीनं आपल्या आवडीचा एक हात दिला, धक्के लागले, टवके उडाले, खालचे रंग डोकावले. ते उडालेले टवके तिथे खरे आहेत. त्या लाकडाचा तो इतिहास आहे.

सागाचा इतिहास वेगळा आहे आणि तो आपल्या दारात आहे. साग रंगवून झाकायचं लाकूड नाही. त्याच्या अंगात तेल असतं, म्हणून पाणी आणि कीड त्याच्यापासून दूर राहतात आणि म्हणूनच रंगही त्याला नीट धरत नाही. नेपोलियनच्या लढायांत इंग्रजांना ओक कमी पडला, तेव्हा त्यांनी मुंबईच्या गोदीत वाडियांकडून मलबारी सागाची जहाजं बांधून घेतली. त्यातलं ‘ट्रिंकोमाली’ 1817 मध्ये मुंबईत पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशे वर्षं खाऱ्या पाण्यात, लाटांत, वाऱ्यात. त्या अडाणी वाडियांना सायकलची चेन मारायचं सुचलं नाही.

सागासाठी तर राज्यं गेली. ब्रह्मदेशातला साग तोडणाऱ्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला तिथल्या राजानं ओंडके कमी दाखवल्याबद्दल दंड ठोठावला. त्याचं निमित्त करून इंग्रजांनी 1885 मध्ये सैन्य पाठवलं, राजधानी घेतली आणि राजा थिबाला आणून ठेवला कुठे, तर आपल्या रत्नागिरीत. 1916 मध्ये तो तिथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा रत्नागिरीला गेलात तर बघून या. मी हे एवढ्यासाठी सांगते आहे, की ज्या लाकडापायी एक राजा देशोधडीला लागला, त्यावर निळसर पांढरा डिस्टेंपर फासल्यासारखा रंग देताना माणसाचा हात थोडा तरी अडखळायला हवा होता. बाकी, नव्या संसद भवनाला लागणारा साग नागपूरहून गेला आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग बल्लारपूरहून वाजतगाजत निघाला. त्यांनीही आपला सल्ला घेतला नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

आता व्यवहाराचं बोलू, कारण इतिहास आपल्याला ‘हेवी’ वाटेल. चॉक पेंट कोरड्या हवेतलं सोंग आहे. काशीगावात जूनमध्ये उशीसुद्धा ओलसर लागते. मेणाचा थर कुठे जाड, कुठे पातळ. जिथे पातळ, तिथे ओल शिरणार, आणि मग आपण जो पांढरा रंग दिला आहे त्यावर खरीखुरी बुरशी येणार. तीही कदाचित आपल्याला आवडेल. राहता राहिली धूळ. आधी गुळगुळीत पॉलिश होतं, फडकं एकदा फिरवलं की स्वच्छ. आता चेनच्या प्रत्येक खाचेत, खिळ्याच्या प्रत्येक भोकात काशिमिरा नाक्याची धूळ बसते. घोडबंदर रोडकडे वळणारे ट्रक, मेट्रोचं काम, अर्धवट टॉवर, एवढं सगळं नाक्यावर फुकट असताना आपण काळं मेण विकत आणलंत. खिडकी उघडी ठेवली असती तर एका हिवाळ्यात काम झालं असतं.

आरशाचं तर मी विसरूनच जात होते. जुना आरसा स्वच्छ होता, म्हणून तोही काढलात आणि डागाळलेला, धुरकट ‘अँटिक मिरर’ बसवलात. सासूबाई त्यासमोर वेणी घालतात. परवा त्यांनी मोतीबिंदू परत आला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचा हट्ट धरला.

आपण आमच्या टॉवरच्या दुसऱ्या बाजूनं कधी उतरलात की नाही, मला माहीत नाही. मागच्या अंगाला जुनं गाव आहे. तिथल्या गल्लीत अजून काही बैठी घरं, काही कौलं. एका घराच्या दाराचा निळा रंग उन्हापावसानं सोलून निघाला आहे, खालून हिरवा दिसतो, त्याखाली लाकूड. कडा हातांनी झिजून गोल झाल्या आहेत. आपण ते पाहिलं असतंत तर आपल्याला दरदरून घाम फुटला असता. इतकं अस्सल काम आपल्या शेडमध्ये जन्मात होणार नाही. त्या घरातल्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, गणपतीच्या आधी पैसे हातात आले की पहिला रंग काढायचा आहे, पाहुणे येतात तेव्हा लाज वाटते. तिच्या दाराची लाज आपण आमच्या हॉलमध्ये उभी केलीत आणि त्याला कॅरेक्टर म्हटलंत. फरक एवढाच, की तिला रंगाचा डबा परवडत नाही आणि आम्हाला दोन परवडतात, एक लावायला आणि एक खरवडायला. ती बाई कधी आमच्याकडे आली तर तिला हे कपाट कसं समजवायचं, याची एखादी ओळ ब्रोशरमध्ये टाकाल का?

मी आवडीनिवडीच्या आड येणारी बाई नाही. चिरंजीवांनी तुर्भ्याच्या आयकियातून एक रॅक आणला, स्वतः स्क्रू पिळून उभा केला, एक फळी उलटी बसली ती तशीच आहे. भुशाच्या बोर्डाचा रॅक तो. पाणी लागलं तर फुगेल, पाच-सात वर्षांनी जाईल. पण तो बिचारा आपण कुणाचा आजा असल्याचं सोंग करत नाही. माझी स्वतःची आवड म्हणाल तर सनमाइका, पुसायला सोपी. सासूबाईंना पॉलिश, मुलाला पांढरं, सुनेला वेताचं. एका घरात चार आवडी सुखानं नांदतात. कुणाला टवके उडालेलं फर्निचर आवडत असेल तर त्यांनीही खुशाल आणावं. जोधपूरकडे आंब्याच्या लाकडाचं नवंकोरं सामान करून, तिथेच घासून-ठोकून जुनं बनवणारे कारखाने आहेत; परदेशातही जातं. त्या लाकडाला कुणी माहेरून आणलेलं नसतं. मारा खुशाल चेन.

आणि जुनं जपायचंच होतं तर तशी माणसंही आपल्याकडे झाली. पुण्याचे दिनकर केळकर आठवा. दिवे, अडकित्ते, कोरीव दारं, पेटारे, वाडे पडत होते तिथून गोळा केले, मुलाच्या नावानं संग्रहालय उभं केलं. मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून ते दालन तिथे पुन्हा जुळवलं. त्या माणसानं जन्मभर जुन्या वस्तू हाताळल्या, आणि एकाही दिव्यावर मुद्दाम पोचा पाडल्याचं ऐकिवात नाही.

कायद्याचंही सांगते, उगाच राहून जायला नको. 1972 चा पुरावस्तू कायदा म्हणतो, की वस्तूला निदान शंभर वर्षं झाली असली पाहिजेत. तेव्हा सरकार तिला पुरावस्तू मानतं. भारत सरकारला शंभर वर्षं थांबावं लागतं. आपण पंधरवड्यात मोकळे झालात. ब्रोशरमध्ये तर आमच्या कपाटाचा फोटो छापून खाली ‘रिस्टोर्ड हेरिटेज पीस’ असं लिहिलंत. मालकिणीचं नाव नाही. तेवढं बरं केलंत, त्यांनी फोटो ओळखला नसता.

आता बिल. ते माझ्यासमोर आहे. रंग उतरवणे, रंग देणे, रंग परत घासणे, हे तीन स्वतंत्र आकार. त्याखाली ‘एजिंग चार्जेस’. त्याखाली ‘हार्डवेअर रिप्लेसमेंट’, म्हणजे चिंचेनं घासून लखलखणाऱ्या पितळी मुठी काढून त्या जागी काळ्या केलेल्या नव्या मुठी बसवल्या ते. सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी. म्हातारपणावर कर भरणारं महाराष्ट्रातलं आमचं पहिलं कपाट असावं. सासूबाईंना मी ही रक्कम वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “मला सांगितलं असतं तर मी फुकटात त्याच्याकडे दुर्लक्ष केलं असतं.”

तेव्हा आपल्याकडून दोन-तीन गोष्टी हव्या आहेत. त्या पितळी मुठी आपल्या कारागिरानं फेकल्या नसतील, त्यानं तसं सूचित केलं आहे, त्या द्याव्यात. भंगारवाल्याकडे गेल्या असतील तर भंगारवाल्याचं नाव द्यावं, मी स्वतः जाईन. आरसा फुटला नसेल तर तोही. आणि शेवटचा मेणाचा थर कुठल्या कंपनीचा होता हे कळवावं, कारण पॉलिशवाला पुढच्या रविवारी येतो आहे आणि मेण टर्पेंटाइननं निघेल की आणखी काही लागेल हे त्याला आधी ठरवायचं आहे. चेनच्या खाचा मात्र भरून निघणार नाहीत असं तो म्हणाला. त्यांतल्या तीन फार खोल आहेत, दोन डाव्या दारावर आणि एक वेलबुट्टीवर. आपल्या कारागिराला त्या दिवशी राग आला असावा. कुणाचा, ते मी विचारलं नाही.

‘एजिंग’ची रक्कम वजा करून उरलेल्या पैशांचा चेक लिहून ठेवला आहे. साइटवरून वेळ मिळेल तेव्हा येऊन घेऊन जावा. दुपारी चारनंतर या. मी तेव्हा शिकवणीच्या मुलांत असते, दार सासूबाई उघडतील.

आपली,
एक समाधानी ग्राहक,
काशीगाव